बसायला आलेली सिस्टर

त्या खोलीत आवाजाला बंदी होती. माझ्या मालकांना धनुर्वात झाला होता. शेतात वखराची पास, म्हणजे त्याचं लोखंडी पातं, पायाला लागली, अन् आमचे बहाद्दर त्यावर माती चोळून मोकळे! आठवड्यानं दातखीळ बसली, तेव्हा आंजीहून वर्ध्याच्या मिशनच्या दवाखान्यात आणलं. भांडं वाजलं, दार आपटलं की त्यांचं अंग ताठ व्हायचं, श्वास अडकायचा. उजेडानंही झटका यायचा म्हणून खिडकीला काळं कापड. मी बांगड्यांना चिंधी गुंडाळली होती. थुंकी गिळायचीही मला धास्ती वाटायची.

दुपारी एक सिस्टर आत आली. केरळकडची, कोवळी पोरगीच; सुया-औषधं देणारी नव्हे, रोग्यांजवळ प्रार्थना करणारी. तुटक्या मराठीत हळूच म्हणाली, "मी बसायला आले."

आमच्याकडे बसायला जातात ते मयताच्या घरी! मी तिला दाराबाहेर ओढलं.

"अवो बाई, जिते हायेत माहे मालक! काऊन आली बसायले? डोये फुटले काय तुहे?"

हे सगळं कुजबुजत हं! कुजबुजत भांडणं काय असतं ते मला विचारा, नरड्याच्या शिरा तटतटल्या. दवाखान्यातल्या आयाबाईनं तिला अर्थ समजावून सांगितला, तशी पोरगी पांढरीफटक पडली. मला वाटलं, टळली ब्याद. पण ती परत आत आली.

"मग उभी राहते," म्हणाली, आणि पलंगाच्या पायथ्याशी उभी राहिली. दिवेलागणीपर्यंत तशीच. ओठ तेवढे हलत होते.

संध्याकाळी मोठा झटका आला. ते खाली पडू नयेत म्हणून आम्ही दोघींनी त्यांना धरून ठेवलं. झटका ओसरल्यावर मी तिला विचारलं, "वाचतीन का वो?"

दीर, भाऊ, सगळे "वाचतीन, वाचतीन" म्हणत होते. एकाचाही मला भरवसा वाटत नव्हता.

"मला माहीत नाही," ती म्हणाली. "मला पण भीती वाटते."

मी स्टूल अलगद उचलून तिच्यापुढे ठेवलं. मग आम्ही दोघी भीत भीत बसून राहिलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते गेले. मी सवयीनं पदर तोंडात कोंबला. छाती फुटेल असं झालं, तरी आवाज काढायची हिंमत होईना. तिनं तो पदर हळूच ओढून काढला.

"ताई," ती म्हणाली, "आता ओरडा."