हरवलेले साडेतीन फूट

नकाशे काढायच्या कार्यालयात तिला सगळे फूटपट्टी म्हणत. तोंडावर नाही, पण म्हणत. बावीस वर्षं तिनं दुसऱ्यांनी मोजून आणलेल्या घरांचे नकाशे शाईनं गिरवले होते, आणि त्यातले कितीतरी परत पाठवले होते. ‘आतल्या खोल्यांची बेरीज बाहेरच्या मापाशी जुळत नाही,’ एवढंच चिठ्ठीवर लिहायची. मोजून आणणारे साहेब कपाळाला हात लावायचे. वीतभर इकडेतिकडे झालं तर कुणाचं काय बिघडतं, असं त्यांचं म्हणणं. ती म्हणायची, “ज्याच्या हिश्श्यातून वीत जाते, त्याचं बिघडतं.”

सत्तेचाळिसाव्या वर्षी ती परीक्षेला बसली, पास झाली, आणि न्यायालयाच्या कमिशनरांच्या यादीत तिचं नाव लागलं. समाईक घरात कुणाचा हिस्सा किती, हे न्यायाधीश ठरवतात. पण भिंत कुठे घालायची, नळ कुणाकडे जायचा, हे जागेवर जाऊन कुणीतरी पाहावं लागतं. ते काम कमिशनरचं. यादीत बाई ती एकटीच. वर्षभर तिला कुणी बोलावलंच नाही. मग एक प्रकरण असं आलं की ते ऐकून यादीतल्या एकाची कंबर धरली आणि दुसऱ्याला अचानक लेकीकडे जायची आठवण झाली. कागद तिच्या टेबलावर आला.

भावंडं तीन. थोरली बहीण परगावी रुग्णालयात परिचारिका. तिच्या पाठचे दोन भाऊ एकाच दुमजली घरात. खाली रस्त्याकडे मोठ्याचं सायकल दुरुस्तीचं दुकान, वर धाकट्याचा संसार. जिना एकच, आणि तोही दुकानातून जाणारा. नऊ वर्षं दोघांत बोलणं नव्हतं. मोठा पंक्चरच्या पाण्याचं घमेलं नेमकं पहिल्या पायरीसमोर ठेवायचा आणि धाकटा दिवसातून चार वेळा ते ओलांडून वर जायचा.

तिघांचे हिस्से सारखे, हे न्यायालयानं ठरवून टाकलं होतं. पण मोठ्याचं म्हणणं, हे घर वाटून निघणारच नाही. जिना काय करवतीनं कापायचा? त्यापेक्षा विका आणि पैसे वाटा. गिऱ्हाईक त्यानं हेरूनही ठेवलं होतं. धाकट्याला घर सोडायचं नव्हतं. बहीण काहीच बोलली नव्हती, त्यामुळे तिला पैसेच हवेत असं दोघांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

ती सकाळी नऊला पोचली. दोन्ही वकील आधीच दारात उभे होते.

“साहेब कधी येणार?” मोठ्यानं हात पुसत विचारलं.

“आल्या आहेत,” ती म्हणाली आणि पिशवीतून टेप काढली.

मोठ्यानं चहा मागवला. वरून धाकट्याच्या बायकोनं सरबत पाठवलं. तिनं दोन्ही परत केलं. “पाणी बरोबर आणलंय मी.” मग तिनं टेपचं एक टोक मोठ्याच्या हातात दिलं आणि दुसरं धाकट्याच्या. “धरा. उद्या कुणी म्हणायला नको की बाईंनी चुकीचं मोजलं.” नऊ वर्षांत ते दोघं पहिल्यांदाच एका वस्तूला धरून उभे राहिले. बोलले मात्र नाहीत. “सोड” म्हणायचं असलं तरी तिच्या तोंडून.

दुपारपर्यंत सगळं मोजून झालं. ती पायरीवर बसली आणि बेरीज केली. बाहेरून, रस्त्यापासून अंगणापर्यंत, घराची लांबी अडतीस फूट. आतल्या खोल्या, भिंती सगळं धरून साडेचौतीस. तिनं पुन्हा बेरीज केली. तिसऱ्यांदा केली. इतकी वर्षं दुसऱ्यांची मापं तिनं परत पाठवली होती. आज मापं तिची स्वतःची होती आणि समोर दोन वकील उभे होते.

“पुन्हा मोजू,” ती म्हणाली.

“अहो, जेवायची वेळ झाली,” मोठ्याचा वकील कुरकुरला.

“तुम्ही जेवून या. टेप धरायला हे दोघं पुरे आहेत.”

पुन्हा तेच. साडेतीन फूट घर कुठेतरी गडप झालं होतं. मग ती एकेका भिंतीवर बोटांच्या पेरांनी टकटक करत निघाली. दुकानामागच्या कोठीत जुने टायर खुंट्यांवर टांगलेले होते. त्यांच्यामागची भिंत पोकळ वाजली.

“या भिंतीमागे काय आहे?”

“भिंतीमागे काय असणार?” मोठा म्हणाला. “भिंतच.”

भिंत फोडायचा हुकूम तिच्याकडे नव्हता. तिनं सगळ्यांसमोर, सगळ्यांना ऐकू जाईल असा, बहिणीला फोन लावला. आपण कोण ते सांगितलं आणि भिंतीचं विचारलं.

“जिना आहे तिथे,” बहीण सहज म्हणाली. “मागच्या अंगणातून वर जाणारा. बाबांनी विटा लावून बुजवला. मोठा तेव्हा नुकता रांगायला लागला होता, तिसऱ्या पायरीवरून गडगडत खाली आला. भुवईवर खूण आहे बघा त्याच्या.”

सगळ्यांनी मोठ्याच्या तोंडाकडे पाहिलं. त्याचा हात आपोआप भुवईकडे गेला. “आई तर म्हणायची, मी उंबऱ्यावर पडलो.”

“उंबऱ्यावर पडून कुणाचं एवढं फुटतं होय रे?”

धाकटा फिसकन हसला.

“हसतोस काय?” मोठा त्याच्यावर डाफरला. नऊ वर्षांनंतरचा तो पहिला शब्द.

तिनं ते ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि फोनवर विचारलं, “ताई, तुम्हाला काय हवंय या घरातून?”

“हे मला कुणी विचारलंच नव्हतं,” बहीण म्हणाली. “पैसे नकोत मला. दोन वर्षांनी निवृत्त होईन. अंगणाकडची खोली मिळाली तर येऊन राहीन.”

न्यायालयाची परवानगी यायला पंधरा दिवस लागले. गवंड्यानं विटा काढल्या तेव्हा आत अकरा दगडी पायऱ्या निघाल्या, धुळीनं माखलेल्या पण धडधाकट. तिनं त्या स्वतः चढून पाहिल्या, उतरून पाहिल्या आणि मग नकाशाला बसली. रस्त्याकडचं दुकान मोठ्याला, पण जागा रस्त्याची म्हणून क्षेत्र कमी. वरचा मजला आणि मागचा जिना धाकट्याला. अंगण आणि अंगणाकडच्या खोल्या बहिणीला. जिन्यापर्यंत जायची वाट तेवढी धाकट्याची. नुसती फुटांची नव्हे, सरस-निरस पाहून केलेली वाटणी. नकाशा तिनं दुसऱ्या कुणाला गिरवायला दिला नाही.

सुनावणीला मोठ्याचा वकील उठला. “बाई, आजवर किती वाटण्या केल्यात?”

“ही पहिली.”

“मग रस्त्याकडचा फूट भारी आणि अंगणाकडचा हलका, हे कशावरून ठरवलंत?”

“त्या गल्लीतल्या सात दुकानांची आणि सहा घरांची भाडी विचारून. शेवटच्या पानावर सगळं आहे.”

वकिलानं शेवटचं पान उघडलं. तो आणखी काही विचारणार, तोच मागून मोठा म्हणाला, “वकीलसाहेब, राहू द्या. मोजणी बरोबर आहे. टेप मी धरली होती.” आणि बाजूला बसलेल्या भावाकडे हनुवटीनं दाखवून म्हणाला, “ह्यानंही.”

न्यायाधीशांनी चष्मा काढला. इतक्या वर्षांत एकही हरकत न राहिलेला वाटपाचा अहवाल आपण क्वचितच पाहिला, असं ते म्हणाले आणि तसं त्यांनी हुकमातही लिहवून घेतलं.

आठवड्यानं ती नकलेच्या खिडकीवर गेली आणि त्या हुकमाची प्रत मागितली.

“तुम्ही तर पक्षकार नाही,” कारकून म्हणाला. “तुम्हाला कशाला?”

“वाचायला.”

बाहेरच्या बाकावर बसून तिनं ती वाचली. चौथ्या पानावर तिचं पूर्ण नाव होतं आणि त्याखाली दोन ओळी: मोजणी काटेकोर, वाटणी न्याय्य. तिनं त्या तीनदा वाचल्या, बेरीज तपासावी तशा. मग पाठ ताठ करून ती नुसतीच बसून राहिली. येणारे-जाणारे वकील बघत होते. तिनं बघू दिलं.

कारकून खिडकीतून डोकावला. “अहो कमिशनर, एक पिठाची गिरणी आलीय वाटपाला. पाच भागीदार, पाच तोंडं पाच दिशांना. साहेब विचारतायत, जाल का?”

“जाईन की,” ती म्हणाली. “पण पहिल्या दिवशी पाचही जण जागेवर हजर हवेत. तसं नोटिशीत घाला.”