निघायचे पैसे

निघायला आमच्या व्याह्यांइतका वेळ लावणारा माणूस या भूतलावर दुसरा नसावा, आणि असलाच तर तो अजून कुणाच्या तरी दारात चपला शोधत उभा असणार. मी स्वतः पस्तीस वर्षं नगरच्या एका सरकारी कचेरीत काढली. घड्याळात वेळ झाली की फाईल मिटायची, डबा उचलायचा आणि चालू पडायचं. लग्नात अक्षता पडल्या की पहिली पंगत आणि पंगत उठली की रिक्षा, असा माझा आयुष्यभराचा खाक्या. अशा माणसाच्या नशिबी देवाने हे व्याही लिहिले. माझ्या मुलाने आणि त्यांच्या मुलीने साखरेचं शिक्षण घेता घेता आपापसात जमवलं आणि आम्हा दोन्ही बापांना फक्त सोयीची तारीख विचारली, त्यामुळे तक्रार तरी कुणाकडे करणार?

व्याही राहात्याचे. तीन एकर पेरूची बाग, वयाने सत्तरी ओलांडलेली, तरी कणा ताठ. डोक्यावर टोपी, सदऱ्याच्या आत बंडी आणि बंडीला आतल्या बाजूने शिवलेला खिसा. त्या खिशात काय असतं हे त्यांच्या कैलासवासी पत्नीलाही कधी कळलं नाही, असं त्यांची मुलगीच सांगते. आमच्याकडे आले की सोफ्यावर टेकता टेकताच ते म्हणतात, "निघतो मी." नवख्या माणसाला वाटतं, काही बिनसलं की काय. तसं काही नसतं, ती नुसती नांदी असते. त्यानंतर तासाभराने गुडघ्यांवर हात ठेवून "बरं मग" होतं. मग ते उठतात आणि उभ्या उभ्या माझ्या बायकोला तिच्या कंबरदुखीबद्दल विचारतात. हे विचारणं खरं असतं, त्यामुळे उत्तरही पूर्ण ऐकून घेतात. दारापाशी कढीपत्त्याचं झाड दिसतं. त्याला आळं नीट नाही, म्हणून बाह्या सारून खुरपं मागतात. फाटकाशी पोचल्यावर राहात्यात नुकत्याच वारलेल्या कुणाची तरी हकीकत आठवते आणि ती त्या माणसाच्या लग्नापासून सुरू होते. तोवर राहात्याच्या तीन एसट्या गेलेल्या मी मोजल्या आहेत आणि चौथीत त्यांना अक्षरशः ढकलून बसवलं आहे. खिडकीतून डोकं बाहेर काढून ते म्हणाले, "पाव्हनं, तुमाला लई घाई आस्ती बुवा."

या सोहळ्यातला शेवटचा विधी म्हणजे घरातल्या सगळ्यात लहानाच्या हातावर खाऊला पैसे ठेवणं. पाहुणा निघताना पोराच्या हातावर काहीतरी ठेवतो हे आपल्याकडे नवं नाही, पण व्याह्यांचा त्याबाबतीतला कटाक्ष एखाद्या कायद्यासारखा. घरात मूलच नसेल तर काय, याचाही निकाल त्यांनी लावून ठेवला आहे: जी माणसं हजर असतील त्यातलं सगळ्यात लहान ते मूल. एकदा आमच्याखेरीज घरात फक्त वरच्या खोलीतला भाडेकरू होता. सुप्याच्या एका कारखान्यात इंजिनियर, पिळदार मिशा. त्याला जिन्यावरून खाली बोलावून व्याह्यांनी त्याच्या तळहातावर पन्नासची नोट ठेवली. "खाऊला." तो बिचारा गोंधळून पाया पडला. मी त्याची थट्टा करायच्या बेतात होतो, तेवढ्यात तो हळूच म्हणाला, "काका, वडील गेल्यापासून मला असं कोणी काही दिलं नव्हतं."

द्यायला जेवढे पुढे, घ्यायला तेवढेच मागे. लेकीच्या घरचं खायचं नाही हा हल्ली कुणी न पाळणारा नियम त्यांनी पाळला, आणि लेकीच्या घरात आमचं घर आलंच. लग्नानंतर दोन वर्षं ते आमच्या टेबलावर बसून स्वतःच्या डब्यातली भाकरी आणि ठेचा खायचे, समोर माझ्या बायकोच्या अळूवड्या निवत असायच्या. तिने एकदा रडूनच दाखवलं, तेव्हा चहावर तडजोड झाली. "च्या म्हंजी पानीच की," व्याही म्हणाले. नात झाली आणि तो नियम सुटला. बारशाच्या दिवशी त्यांनी दोन वर्षांची कसर भरून काढल्यासारख्या पुरणपोळ्या खाल्ल्या. पैशांच्या बाबतीत मात्र नियम कायम. लेकीकडून घ्यायचं नाही, जावयाकडून घ्यायचं नाही आणि जावयाच्या बापाकडून, म्हणजे माझ्याकडून, तर मुळीच नाही. अपवाद एकच. लहान मुलाने आपण होऊन काही हातावर ठेवलं तर नाही म्हणायचं नाही. नातीने अर्धी चाटून दिलेली गोळी त्यांनी टोपी सरळ करून गंभीरपणे खाल्लेली मी पाहिली आहे.

माझा मुलगा आणि सूनबाई सध्या समुद्रातल्या एका चिमुकल्या देशात साखर कारखान्यात आहेत. देश एवढासा की नकाशावर त्याचं नाव त्याच्या अंगावर मावत नाही, बाजूच्या पाण्यात लिहावं लागतं. तिथून बाहेर पडायला आठवड्यात दोनच विमानं, गुरुवारचं आणि मंगळवारचं. गेल्या वर्षी त्यांनी आम्हा दोघा आजोबांना दोन महिन्यांसाठी बोलावलं. माझी बायको गुडघ्यांमुळे आली नाही. व्याह्यांच्या हृदयात नुकतीच स्प्रिंग बसवली होती. डॉक्टर म्हणाले, या वेळी जाऊन या, पुढचं मी काही सांगत नाही. व्याह्यांना एकच मुलगी आणि तिला एकच मुलगी. पाच वर्षांच्या आमच्या नातीचं खरं नाव फार भारदस्त आहे, आम्ही तिला ठमी म्हणतो. ही ठमी पहिल्या दिवशी त्यांच्या टोपीला घाबरली आणि चौथ्या दिवशी ती टोपी घालून हिंडायला लागली. दोघं दिवसभर परसात असायचे. तिथेही व्याह्यांनी एक पेरूचं झाड हुडकून छाटलं आणि "ह्याला फळ धरलं की मला कळव बरं का" असं तिला रोज बजावायचे. शेवटच्या आठवड्यात एकदा मला बाजूला घेऊन म्हणाले, "पाव्हनं, पुन्यांदा येनं काय हुत न्हाई आता. पोरीला बोलू नका." मी बोललो नाही. खरं सांगायचं तर माझं सगळं लक्ष बॅगांच्या वजनात होतं.

बुधवारी मुलाने आम्हा दोघांच्या हातात एकेक पाकीट दिलं. आत निळ्या रंगाच्या, माशाचं चित्र असलेल्या दोन दोन नोटा. देश सोडताना विमानतळावर भरायचा कर आता बहुतेक ठिकाणी तिकिटातच येतो, पण या देशात जाणाऱ्याने स्वतः खिडकीवर जाऊन रोख भरायचा, तोही त्यांच्याच नोटांत, आणि पावती दाखवल्याशिवाय पुढच्या दारातून सोडत नाहीत. "हे निघायचे पैसे," मुलगा म्हणाला. व्याह्यांनी आधी तेवढे रुपये जावयाच्या हातावर ठेवले, मगच पाकीट घेतलं.

"निघायला पैशे?" त्यांनी विचारलं. "आन येताना?"

"येताना नाही."

"मंग बराबर हाय. पाव्हन्यानं जातानाच द्यायचं आस्तं. दोन म्हैने खाल्लं, पेलं, ऱ्हायलो. मान्सं रितीची हाईत."

मी म्हणालो, "अहो व्याही, हा सरकारी कर आहे, खाऊ नव्हे."

"नाव कायबी आसू द्या. आपल्याकडं घेत्यात का?"

"आपल्याकडे असं खिडकीवर कुणी मागत नाही."

"तेच तर," ते म्हणाले. "आमची पोर मुंबैहून निघाली तवा तिला कुनी आडवून काय मागितलंच न्हाई. फुकाट गेली." आणि बराच वेळ ते पाकीट नुसतं हातात धरून बसले.

गुरुवारी आम्ही विमानतळावर पोचलो. विमानतळ म्हणजे आपल्या तालुक्याच्या स्टँडएवढा, एकच दालन, त्यात निघणारे आणि पोचवायला आलेले सगळे एकत्र. मी कर भरून, पावती पासपोर्टात घालून मोकळा झालो आणि मागे वळलो, तर व्याह्यांचं निघणं सुरू झालेलं होतं. लेकीला घोटभर पाणी जास्त पीत जा म्हणून सांगून झालं. जावयाला झाडाच्या आळ्याबद्दल सांगून झालं. मग ते खाली वाकले आणि ठमीच्या तळहातावर त्यांनी ते अख्खं पाकीट ठेवलं. "खाऊला." ठमीने ते छातीशी धरलं. व्याही खिडकीशी आले. केसांत फूल माळलेल्या तिथल्या हसतमुख बाईंनी हात पुढे केला, आणि व्याह्यांनीही आपले दोन्ही रिकामे हात पुढे केले.

"पैसे कुठे आहेत?" मी विचारलं.

"दिले की. ठमीला."

"अहो, ते कराचे होते! खिसे बघा, आणखी असतील."

त्यांनी सदऱ्याचे दोन्ही खिसे उलटे करून दाखवले. रुपये तिथे कोणी घेत नव्हतं. मुलगा स्वतःचं पैशाचं पाकीट काढून धावत आला. व्याही मागे सरले. "जावयाचं घेऊ व्हय?" सूनबाई रडवेली होऊन म्हणाली, "आप्पा, आता पुरे हं, विमान चाललंय." "लेकीचं तर बगायलाच नको," व्याही म्हणाले. मी माझ्याजवळ उरलेल्या तिथल्या नोटा पुढे केल्या, तर त्यांनी मला हात जोडले. "तुमी मुलाकडचे. लगीन झाल्यापास्नं तुमचा एक पैसा घेतला न्हाई."

"मग ठमीकडून परत घ्या!" मी जवळजवळ ओरडलोच.

"हातावर ठिवलेलं परत घेत्यात व्हय? पाव्हनं, तुमी शिकलेली मान्सं आन आसं बोलता?" एवढं म्हणून ते शांतपणे बाकावर बसले, गुडघ्यांवर हात ठेवले आणि म्हणाले, "बरं मग. आता इलाजच न्हाई." इतका निवांत चेहरा मी त्या दोन महिन्यांत पाहिला नव्हता. मला त्याचा रागच आला. बॅगा विमानात गेलेल्या, दुसऱ्यांदा पुकारा झालेला, खिडकीवरच्या बाई घड्याळाकडे बघतायत आणि हे गृहस्थ बाकावर.

तेव्हा मला ती युक्ती सुचली. मी ठमीला खांबाआड नेलं आणि तिच्या कानात सांगितलं, "आप्पा गावाला चाललेत ना? मग आता तू त्यांच्या हातावर खाऊला ठेव." ठमी तुरुतुरु गेली, बाकासमोर उभी राहिली आणि दोन्ही हातांनी ते पाकीट तिने त्यांच्या तळहातावर ठेवलं. "आप्पा, खाऊला." व्याही तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. ती नजर कौतुकाची आहे असं मी समजलो. ते उठले, टोपी सरळ केली, पैसे भरले, पावती घेतली आणि जन्मात पहिल्यांदाच एका मिनिटात निघाले. दारातून आत जाताना मागे वळून पाहिलं नाही. विमानात ती पावती घट्ट धरून ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. मी मात्र वेळेत विमान मिळाल्याच्या आनंदात दोन वेळा कॉफी मागितली.

पुढे वर्षभर हा किस्सा मी नगरभर सांगितला. हळदीकुंकवाला आलेल्या बायकांना सांगितला, बँकेच्या रांगेत सांगितला. व्याही समोर असले तर तेही हसायचे आणि म्हणायचे, "पाव्हन्यांचं डोकं लई चालतं." मध्यंतरी त्यांच्या हृदयाने पुन्हा कुरकुर केली आणि डॉक्टरांनी विमानप्रवास कायमचा बंद केला. मुलांना रजा मिळायला अजून दीड वर्ष आहे. तिकडचं झाड यंदा फळाला आलं. ठमीने फोनवर पेरू दाखवला, तर हे तो कच्चा असल्याचं ती निजेपर्यंत तिला समजावत राहिले.

परवा पेरूचा बहार होता म्हणून मी राहात्याला गेलो होतो. बागेतल्या खाटेवर बसलो असताना त्यांनी बंडीच्या आतल्या खिशातून प्लॅस्टिकची एक पिशवी काढली. "ही बगा, जपून ठिवलीय," म्हणत त्या विमानतळाची पावती माझ्यासमोर धरली. पावतीबरोबर आणखी काहीतरी घडी केलेलं बाहेर आलं. निळ्या रंगाच्या, माशाचं चित्र असलेल्या दोन नोटा.

"या कुठल्या?"

"पोचल्या दिशीच मी बदलून घेतल्या हुत्या. आडीनडीला आसाव्यात म्हून."

"मग त्या दिवशी कुठे होत्या?"

त्यांनी छातीवर, त्याच खिशावर, हात ठेवला.

माझ्या लक्षात यायला थोडा वेळ लागला. व्याही धोतराच्या सोग्याने पेरू पुसत होते. "फुडलं इमान मंगळवारी हुतं," ते म्हणाले आणि बोटांवर मोजू लागले, "त्यो दिस धरून बेस्तरवार, शुक्कर, शनवार, आइतवार, सोमवार." पाचव्या बोटाशी थांबले आणि मूठ मिटली.

ज्या युक्तीची फुशारकी मी वर्षभर मारली, तिने या माणसाचे पाच दिवस काढून घेतले होते, आणि तेही त्याच्या नातीच्या हातून. मला माझी लाज वाटली.

"मला सांगायचं होतंत," मी म्हणालो.

"काय सांगनार? पोरीनं हातावर ठिवलं. जा म्हनली, गेलो." त्यांनी पेरू कापून अर्धा मला दिला. मग उन्हाकडे पाहून म्हणाले, "तुमची यष्टी यायची येळ झाली, पाव्हनं. निघा."

मी उठलो, पिशवी खांद्याला लावली. "निघतो मी," असं म्हणालो आणि परत बसलो.