दुकानातला कॉम्प्युटर आणि दिवस मावळायची वेळ

इथले भुताखेतांचे अनुभव मी बरीच वर्षं वाचतोय, तेही दुपारी दुकानात गिऱ्हाईक नसतं तेव्हा, आणि खोटं कशाला बोलू, बहुतेक वेळा हसायलाच. कुणाला पिंपळाखाली बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोणीतरी येऊन बसतं... मी चहा पीत वाचायचो आणि म्हणायचो, लोकांना कामं नाहीत. आता माझ्यावरच लिहायची पाळी आलीय, तर ज्याला हसायचंय त्यानं खुशाल हसावं. माझ्या अनुभवात पिंपळ नाही आणि बाईही नाही. एक बिलिंगचा कॉम्प्युटर आहे आणि माझी मम्मी आहे.

आम्ही मूळचे राजस्थानातले जैन, पण ती पणजोबांच्या वेळची गोष्ट. आता घोडेगावचेच म्हणायचे. बाजारपेठेत आमचं दुकान आहे — पाइप, पाण्याच्या मोटारी, फवारणीचे पंप, ठिबकचं सामान. शिनोली आणि त्याच्या वरच्या गावांचं गिऱ्हाईक आमच्याकडे येतं, आणि येतं ते संध्याकाळी, रानातलं काम उरकून. घर दुकानापासून चालत दहा मिनिटांवर. बायको मुलीच्या कॉलेजसाठी पुण्यात राहते, त्यामुळे घरात मी आणि मम्मी दोघंच.

पप्पा गेल्या दिवाळीनंतर गेले. त्यांचा आणि मम्मीचा आयुष्यभर चौविहार. म्हणजे सूर्य मावळला की अन्न नाही, पाण्याचा थेंबही नाही. त्यामुळे दुकानात कितीही झुंबड असो, दिवस कलला की पप्पा काउंटरवरून उठायचे. समोर मंत्री उभा असता तरी उठले असते. घरी जाऊन मम्मीबरोबर जेवायचे आणि पुन्हा दुकानात हजर. मी मात्र हा नेम कॉलेजातच सोडला. पप्पांच्या माघारी काउंटरवर बसायला लागलो तो रात्री नऊलाच घर गाठायचो. मम्मी गरम फुलके वाढायची. तू जेवलीस का विचारलं की म्हणायची, कधीच, दिवस होता तेव्हाच. रात्री ती काही खात नाही हे मला माहीतच. त्यामुळे तिला जेवताना आपण बघत नाही, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

पण ती वाळत चालली होती. ब्लाऊज सैल झाले, बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. एकदा जैन स्थानकातून, महाराजांचं प्रवचन ऐकून येताना चक्कर आली. मंचरच्या डॉक्टरांनी रक्त कमी आहे म्हणून सांगितलं, जेवण नीट आहे ना विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मम्मी म्हणाली, आहे की. मला वाटलं दुःखानं होतंय. बायको रोज फोनवर चौकशी करायची आणि मी "बरी आहे" म्हणायचो, पण आतून भ्यालो होतो. पप्पांच्या मागोमाग ही पण जाते की काय, ही भीती काही केल्या जाईना.

अशात जानेवारीत कॉम्प्युटरला मोठं अपडेट आलं. मी ते कितीतरी दिवस "नंतर करा" वर ढकलत होतो. एकदाचं होऊ दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ऐन गर्दीत स्क्रीन निळी झाली, मधे गोल फिरायला लागलं आणि खाली अक्षरं — अपडेट सुरू आहे, कॉम्प्युटर बंद करू नका. पाऊण तास बिलं ठप्प. मग आपोआप सुरू झाला, काही झालंच नाही अशा थाटात. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशीही तेच.

मंचरचा संतोष आमचे कॉम्प्युटर बघतो. हुशार माणूस. त्यानं अपडेट बंद करून टाकलं, तरी संध्याकाळ झाली की निळी स्क्रीन. यूपीएस बदलला, कारण संध्याकाळी व्होल्टेज खाली जातं. मदरबोर्डवरचा सेल बदलला. ते अपडेटच काढून टाकून पाहिलं. शेवटी तो डोकं खाजवत म्हणाला की आत कुठेतरी टायमर लागला असता तर रोज एकाच वेळेला बंद पडला असता, पण हा दर काही दिवसांनी थोडा थोडा पुढे सरकतोय. आधी पावणेसहाच्या आसपास बंद पडायचा, आता सहाच्या सुमाराला. म्हणाला, "भाऊ, असला फॉल्ट मी बघितला नाय अजून."

त्याच आठवड्यात शिनोलीचे लक्ष्मणभाऊ आले होते. पप्पांचं जुनं गिऱ्हाईक. मोटार बांधून तयार होती आणि बिलाच्या पायी त्यांना बाकावर बसवून ठेवावं लागलं. मी कॉम्प्युटरच्या नावानं बोटं मोडत होतो. लक्ष्मणभाऊ रस्त्यावरच्या उन्हाकडे बघत होते. मग सहज बोलल्यासारखं म्हणाले, "थोरल्या शेठची जेवाया जायची येळ ही. असंच आमाला बसवून जायचं. बसा म्हनायचं, आलोच."

मी हसलो. पण हसू अर्ध्यातच राहिलं. दिवस मोठा होत चालला होता, आणि कॉम्प्युटरची वेळ त्याच्याबरोबरच पुढे जात होती. असेल योगायोग, म्हटलं. तसंही बिल होत नव्हतं, हातावर हात ठेवून बसण्यापेक्षा घरी चक्कर मारून यावं. लक्ष्मणभाऊंना बसा म्हटलं, आलोच.

घराचं दार उघडंच होतं. मम्मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसलेली, तोंड दाराकडे. समोर दोन ताटं वाढलेली, आणि दोन्हीला हात लागलेला नव्हता. मला बघून ती दचकली. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला तिचा. म्हणाली, आत्ताच बसत होते.

"दुसरं ताट कुणाचं?" मी विचारलं.

"तुझं."

"रोज वाढतेस?"

तिनं नुसती मान हलवली. मग हळूहळू कळलं. रोज दोन ताटं वाढून ती दाराकडे बघत बसायची. दिवस मावळला की उठून ताटं उचलायची आणि सकाळी चपात्या गाईला घालायची. म्हणजे सकाळच्या जेवणानंतर दुसऱ्या दिवसापर्यंत पोटात काही नाही. आणि रात्री नऊला मला गरम फुलके. मी फोनवर एक शब्द ऐकला असता तर धावत आलो असतो, पण धंद्याच्या वेळेला पोराला बोलवायचं नाही, हे तिनं पक्कं ठरवलेलं.

"एकटीच्या घशाखाली उतरत नाही रे," ती म्हणाली. "तुझे पप्पा असताना कधी एकटी जेवलेच नाही मी."

मला तिथेच रडू आलं. हातपाय न धुताच बसलो. आम्ही दोघं जेवलो, ऊन ओट्यावरून जाईपर्यंत. दुकानात परत आलो तर कॉम्प्युटर सुरू झालेला, लक्ष्मणभाऊंचं बिल एका झटक्यात निघालं.

त्यानंतर मी संतोषला सांगितलं, राहू दे, हात लावू नकोस. नादुरुस्त कॉम्प्युटर हवा असलेलं गिऱ्हाईक त्यानं पहिल्यांदाच बघितलं असावं. रोज स्क्रीन निळी झाली की मी उठायचो. मार्चअखेर वेळ सव्वासहाच्या पुढे गेली. मम्मीच्या अंगावर मांस दिसायला लागलं, चकरा थांबल्या. मधे एका संध्याकाळी मात्र कॉम्प्युटर बंद पडलाच नाही. मी सवयीनं घरी गेलो तर मम्मी माळ घेऊन बसलेली. आज चौदस, माझा उपास, विसरलास का, म्हणाली. पुढच्या चौदसलाही तसंच झालं... तेव्हा मात्र अंगावर काटा आला. पण भीती नाही वाटली. भीती कशाची वाटणार?

हे मी मम्मीला सांगत नव्हतो. बोललो तर बंद होईल असं उगाच वाटायचं. शेवटी अक्षय्य तृतीयेच्या सुमाराला एकदा जेवताना राहवलं नाही, सगळं सांगून टाकलं. मला वाटलं ती हात जोडेल, रडेल. ती वाटीत चमचा फिरवत राहिली.

"परत आले तेही दुकानातच होय," ती म्हणाली. "जन्मभर तिथंच. घरी यायचं काही सुचलं नाही त्यांना." आणि पदरानं डोळे पुसत हसायला लागली.

त्या दिवसानंतर कॉम्प्युटर एकदाही तसा बंद पडला नाही. संतोष आधी म्हणाला, मधे एखादं नवीन अपडेट येऊन गेलं असेल, त्यानं फॉल्ट निघाला. त्यानंच उघडून बघितलं, तर नवीन काही आलेलं नव्हतं. इथे कुणा जाणकाराला सुचलं तर जरूर लिहा, मी वाचेन. पण मम्मीला सांगितलं त्याच्या दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ तेवढी सांगतो.

मी काउंटरवर स्क्रीनकडे बघत बसलो होतो. आता निळी होईल, मग होईल... गिऱ्हाईक येत होतं, बिलं भराभर निघत होती आणि माझं लक्ष नव्हतं. लहान पोराला जत्रेत सोडून कोणी निघून जावं तसं काहीतरी व्हायला लागलं. भानावर आलो तेव्हा रस्त्यावरचं ऊन गेलेलं. दुकान हाताखालच्या माणसावर सोपवून अक्षरशः पळत घरी आलो.

मम्मीचं जेवण उरकत आलं होतं. एकटीनं बसून जेवली होती. माझं ताट शेजारी झाकून ठेवलेलं. मी दारातच धापा टाकत उभा राहिलो. तिनं शेवटचा घास संपवला, पाणी प्यायली आणि म्हणाली, "तुझी वाट बघत बसले असते तर परत त्यांना यावं लागलं असतं."