ह्रस्व ब्रेक

माझ्या जुन्या चपळ छोट्या गाडीचा ब्रेक दीर्घ स्वरासारखा होता. पाय बराच खाली नेला, की गाडी थांबे. नातीने त्याच गाडीचे नव्या पिढीचे रूप विकत घेतले आणि मला अट घातली, "आबा, लोणी भापकर गावच्या देवळापर्यंत नीट चालवलीत, तरच किल्ली तुमच्याकडं."

दूरवर उसाची ट्रॉली दिसताच मी सवयीने पाय दाबला. गाडी जागीच थांबली आणि नैवेद्याच्या पेढ्यांचा डबा नातीच्या मांडीवरून घसरला.

"आबा, ट्रॉली अजून तिकडं कऱ्हाटी गावात हाय!" ती हसत म्हणाली.

"हा ब्रेक ह्रस्व आहे, हे आता कळले," मी म्हणालो.

जुनी गाडी वळणावर झुकत असे. हिने पुढचे वळण न झुकता घेतले. देवळापाशी मी ब्रेकला एकच मात्रा दिली. डबा हललाही नाही. देवाला नैवेद्य दाखवून झाल्यावर नातीने किल्ली माझ्या हातावर ठेवली, आणि वर एक पेढा.