घुमटाचं कातडं बरं होतं

"तुमच्या कानाचा पडदा शाबूत आहे," म्हापशाच्या डॉक्टरबाई म्हणाल्या, तेव्हा मी असा हसलो की जणू तो मीच ताणून बसवला होता. त्यांनी हात वर करून माझं हसू थांबवलं.

"थांबा. नुकसान आतलं आहे. सेन्सरीन्यूरल हिअरिंग लॉस."

म्हणजे काय, ते त्यांनी कागदावर शंख काढून समजावलं. कानाच्या आत शंखासारखी वळलेली नळी असते, तिच्यात केसांसारख्या बारीक पेशी. आवाज आला की त्या डुलतात आणि मेंदूला खबर जाते. मोठा धडाका झाला की आडव्या पडतात. काही पुन्हा उभ्या राहतात, काही मरतात. मेलेल्या परत उगवत नाहीत.

"कधी झालं हे?"

"गणेश चवथीला."

त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडराकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "या औषधांना पहिले दिवस महत्त्वाचे असतात हो. इतके दिवस काय करत होतात?"

काय सांगणार? इतके दिवस मी घुमटाचं कातडं तपासत होतो.

सगळं सांगतो. तुमच्यापैकी कुणावर तरी ही वेळ येईल, आणि माझ्याइतकं शहाणपण करायला तुम्हाला सवड मिळू नये.

मी गोव्यातल्या सर्वण गावचा. खाणीच्या वजनकाट्यावर नोकरी केली. खनिज वाहणाऱ्या टिपर ट्रकांची घरघर ऐकून उजवा कान तिथेच झिजला होता, डाव्यावर संसार चालला होता. संसार म्हणजे मी एकटाच; लग्न राहून गेलं. वर्षभर मी कुणाच्या खिजगणतीत नसतो, पण चवथीला घरोघर आरतीला माझ्याशिवाय भागत नाही, कारण मी घुमट वाजवतो. घुमट म्हणजे दोन्हीकडून उघडं मडकं, मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं. ते ताणतो माझा शाळेपासूनचा मित्र बाबलो. पूर्वी घोरपडीचं असायचं. ते कायद्याने बंद झालं, बरंच झालं, आता बकऱ्याचं.

यंदा चवथीच्या दिवशी शेजारच्या शालनवहिनीकडे आरती झाली आणि अंगणात फटाके सुरू झाले. एक बॉम्ब फुटेना. सगळे मागे सरले. मी चष्मा सावरत पुढे झालो.

"लागीं वचूं नाका रे!" बाबलो ओरडला.

मी वाकून पाहिलं, मान वळवून सगळ्यांना जाहीर केलं, "फुसको!" आणि बॉम्बने तेवढ्यात मला खोटं पाडलं.

डाव्या कानात शिट्टी सुरू झाली, कापूस कोंबल्यासारखं वाटू लागलं. पण चवथीत कुणाचे कान वाजत नाहीत? दुसऱ्या दिवशी आरतीला घुमटावर थाप मारली, तर भिजलेल्या गोणपाटावर मारावी तसा आवाज. टणत्कार गायब. माझा कान गेला असेल, हा विचार माझ्या डोक्याला शिवलाही नाही. मी भर मांडवात म्हटलं, "बाबलो, हें कातडें न्हय, वातड पापड!"

बाबलोने घुमट उन्हात तापवून आणलं. मी म्हटलं, ना, नाही वाजत. त्याने कातडं काढून दुसरं चढवलं. मी म्हटलं, हेंय ना. तेव्हा तो जवळ येऊन हळूच म्हणाला, "तूं कान दाखय रे दोतोराक."

हळूच म्हणाला म्हणजे त्याचे ओठ पाहून मला कळलं. त्यावरून तरी शहाणं व्हावं की नाही? मी मोठ्याने म्हणालो, "तूं दाखय तुजें घुमट दोतोराक!"

सगळे हसले. बाबलो हसला नाही. झांज खाली ठेवली आणि घरी गेला. विसर्जन झालं, पण रोज संध्याकाळी माझ्या सोप्यावर चहाला येणारा माणूस आला नाही.

मग घर फारच शांत झालं. शांत म्हणतो, पण कानातली शिट्टी चालूच होती. सकाळी सायकलवरून पाव घेऊन येणाऱ्या पोदेराचा भोंपू ऐकू येईना. तो वाजवून जायचा आणि मी त्याच्या नावाने बोटं मोडत कालची भाकरी खायचो. शेवटी पहाटेपासून फाटकाशी उभा राहू लागलो. लोकांना वाटलं, म्हातारपणी सूर्यनमस्कार सुरू केले.

एके दुपारी शालनवहिनी तरातरा आत आल्या. "कुकर बोवाळून बोवाळून मेलो, आनी तूं पेपर वाचीत बसलां? शीत करपून गेलां!" दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला म्हापशाच्या बसमध्ये कोंबलं.

तिथे ऑडिओमेट्री झाली. बंद खोलीत बसवून कानांवर हेडफोन चढवतात, आवाज आला की बटण दाबायचं. नापास होऊ नये म्हणून मी उत्साहाने दाबत सुटलो. तपासणारी मुलगी काचेबाहेरून आत आली. "काका, मी अजून सुरूच केलं नाही."

उपचार म्हणजे स्टेरॉइडच्या गोळ्या. प्रेडनिसोलोन. आतली सूज उतरवायची आणि जगलेल्या पेशींना उभं राहायला वाव द्यायचा, एवढाच हेतू. सकाळी खाऊन घ्यायच्या, डॉक्टर सांगतील तशा कमी करत आणायच्या, मनाने बंद करायच्या नाहीत, साखर तपासत राहायची. मला भूक राक्षसासारखी लागायची आणि झोप यायची नाही. जेवायला बोलवावं असं मात्र कुणी नव्हतं.

गोळ्यांनी थोडाच फरक पडला. मग इंट्राटिम्पॅनिक इंजेक्शनं. पडदा बधिर करून बारीक सुईने औषध थेट त्याच्या पलीकडे सोडतात. दुखण्यापेक्षा घेरीच जास्त येते. नंतर कान वर करून निजायचं, गिळायचं नाही, बोलायचं नाही. नर्स म्हणाली, "काहींना न बोलणं जमतच नाही." मला लगेच जमलं. सरावाने.

बाहेर बाकावर आम्ही सगळे बहिरे, आणि नावं मात्र तोंडाने पुकारायचे. एकमेकांकडे बघत बसायचो; कुणी उठलं की दोघेतिघे उठायचे. बाकीच्यांबरोबर कुणी तरी असायचं, हाताला धरून सांगणारं. मी दारावर नजर लावून बसायचो. घरी जाताना बसमध्ये वाटायचं, हे बाबलोला सांगितलं तर तो पोट धरून हसेल.

मोबाईलवर वाचलं की मेलेल्या पेशी परत उगवून आणणारी औषधं निघतायत. डॉक्टरबाईंना दाखवलं.

"कोंबड्यांमध्ये त्या पेशी आपोआप परत येतात," त्या म्हणाल्या. "माणसात आणायच्या म्हणून औषधांच्या चाचण्या चालू आहेत. काही फसल्या. उद्याचं माहीत नाही, पण आज लिहून द्यावं असं माझ्याकडे काही नाही. जाहिरातीतलं काही मागवू नका."

घरी आलो तर शालनवहिनींचा कोंबडा कुंपणावर. एवढ्या तेवढ्याला बोंबलणारा प्राणी, आणि त्याला नवे कान फुकट.

एकदा धीर करून बाबलोच्या फाटकापर्यंत गेलो. तो अंगणात मान खाली घालून कातडं ताणत होता. वर पाहिलं नाही. मी परतलो. चवथ संपली, मग हा कुणासाठी ताणतोय, हा प्रश्न मला पडायला हवा होता. नाही पडला.

शेवटच्या तपासणीत मधले सूर थोडे परत आले होते. उंच सूर गेले ते गेलेच. "आता यापुढे औषधाने फारसं काही होणार नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "कानाचं यंत्र बघू." मी बसमधून उतरलो, आणि पाय घराकडे न वळता बाबलोकडे वळले.

तो सोप्यावर होता. मी पायरीवरूनच म्हटलं, "कातडें बरें आसलें रे. कान म्हजो फुसको."

"खबर आसा," म्हणजे ठाऊक आहे, एवढंच बाबलो म्हणाला, आणि आत गेला. झालं, म्हटलं. तर तो दोन्ही काखांत घुमटं घेऊन आला, ठेवली, पुन्हा गेला, आणखी आणली. कुठे पातळ कातडं, कुठे दाट, कुठे इतकं ताणलेलं की एक फाटलंच होतं.

"हीं कोणाखातीर?"

"तूं दोतोराकडे वचपाचो ना, हें म्हाका खबर आसलें," तो माझ्या डाव्या कानाजवळ येऊन म्हणाला. "म्हळें, खंयचें तरी तुज्या कानांत भरतलें. बडय पळोवया."

मी डॉक्टरकडे जाणार नाही हे धरून, कुठलं तरी एक माझ्या कानात भरेल म्हणून त्याने ही सगळी ताणली होती. मी एकावर थाप मारली. "ना." दुसऱ्यावर. "इल्लें." थोडंसं. तो पुढचं सरकवत राहिला, परीक्षा घेणाऱ्या त्या मुलीसारखा, फक्त या वेळी मी खोटं बटण दाबलं नाही. शेवटून दुसऱ्या घुमटाने जुन्या टणत्काराच्या जवळपासचं काही तरी दिलं. जुना नव्हे. पण मांडीवरून छातीत चढला.

"हें दवर," बाबलो म्हणाला आणि आत घरात चहाला आधण ठेवायला सांगितलं.

म्हणून सांगतो. धडाक्यानंतर कान वाजत राहिला, दडे बसले, तर त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जा. औषध आहे, पण ते थांबून राहत नाही. बाबलो थांबला, म्हणून सगळ्यांचा बाबलो थांबेलच असं नाही.

ते घुमट आता माझ्याकडे असतं. इतकं ताणलेलं आहे की शालनवहिनी म्हणतात, कान किटतात. किटू देत. पुढच्या चवथीला सगळ्यांनी ते सोसायचं, असं बाबलोने वाड्यावर सांगून ठेवलंय.