बोटांना कळणारा आवाज

माझा धाकटा भाऊ गेला, त्याला वर्ष होत आलं होतं. भिसेगावच्या घरातलं कपाट आवरताना त्याचा लहानपणीचा व्हिडिओ गेम सापडला. टीव्हीला जोडला तर चित्र आलं, पण आवाज येईना. म्हणून दहिवलीतल्या एका म्हाताऱ्या दुरुस्तीवाल्याकडे गेले. त्यांचं नाव विचारायचं राहूनच गेलं.

तक्रार दोनदा सांगितली, तरी ते माझ्या तोंडाकडे नुसते बघत राहिले. मग मी ओरडून सांगितलं.

"साजगावच्या कारखान्यात मशिनीपाशी जन्म गेला, ताई," ते म्हणाले. "कान तिथंच ऱ्हायलं. पण बोटांना आवाज कळतो."

त्यांनी गेम उघडून चालू केला. टेबलावरच्या सुट्या स्पीकरच्या कागदी पडद्यावर डाव्या हाताचं बोट अलगद टेकवलं आणि उजव्या हातानं त्याची वायर सर्किटवर एकेका ठिकाणी लावत गेले. आवाजाच्या चिपपाशी कागद थरथरला. पुढच्या कपॅसिटरच्या पलीकडे मात्र तो निपचित पडला.

"हितपर्यंत येतो, फुडं जात नाय," असं म्हणत त्यांनी तो कपॅसिटर बदलला.

मग दुकानातला टीव्ही लावला. भाऊ शाळेतून आला की घरभर वाजायची, तीच धून सुरू झाली. माझ्या डोळ्यांना धार लागली.

"वाजतंय ना? मग रडता कशाला?"

"भाऊ गेला माझा," मी म्हणाले.

"आँ?" त्यांनी कानामागे हात धरला.

तेच वाक्य ओरडून सांगणं मला जमलं नाही. "छान वाजतंय!" मी मोठ्यानं म्हणाले, आणि ते समाधानानं हसले.