स्टोअरच्या खिडकीतले सामी

उजवा हात छातीशी नेऊन ते म्हणायचे, "काय सामी, जेवण झालें का?" चेन्नईतल्या अंबत्तूरच्या त्या छोट्या कारखान्यात मी नुकतीच लागले होते. मागे कुणी साधुबुवा उभे आहेत की काय, म्हणून पहिल्यांदा मी चक्क वळून पाहिलं.

ते आमचे स्टोअरकीपर. तंजावरचे मराठी, त्यांचं मराठी माझ्या आजोबांच्याही आधीचं. तमिळ तोंडात 'स्वामी'चं झालेलं हे 'सामी' त्यांना सगळीकडे चालायचं. देव सामी, मालक सामी, पाळण्यातली नातसुद्धा सामी. अडून बसलेल्या शटरला "उठा सामी, उठा" अशी विनवणी चालायची आणि तुमचा विश्वास बसो न बसो, ते उठायचं. वैतागले की कपाळाला हात लावून "अय्यो सामी!"

फक्त एका माणसाला ते सामी म्हणत नसत. लेथवरच्या त्यांच्या जुन्या दोस्ताला. वीस वर्षं दोघं शेजारी बसून जेवलेले. एकदा स्टोअरच्या खिडकीतून माप तपासायचं चुकीचं गेज गेलं, दोस्ताचा सगळा माल भंगारात निघाला आणि मालकासमोर दोघांनी चूक एकमेकांवर ढकलली. तेव्हापासून अबोला. "त्याला सांगा, गेज परत दे म्हणून," असले निरोप पोचवायला मी. अंतर दहा पावलांचं!

"चूक खरी कुणाची?" मी एकदा त्यांना विचारलंच.

"माझीच. पण आतां कोणत्या तोंडानें सांगूं?"

मला त्यांचा रागही आला आणि वाईटही वाटलं.

कार्तिकात ते शबरीमलाच्या व्रताची माळ घालायचे. काळी लुंगी, पाय अनवाणी. माळ घातलेल्या प्रत्येकाला सामीच म्हणायचं, मग तो कुणीही असो, असा त्या व्रताचा नियम. त्या वर्षी दोस्तानेही पहिल्यांदाच माळ घातली.

सकाळी तो गेज मागायला खिडकीशी आला. मी हातातलं काम सोडून बघत राहिले. स्टोअरकीपर मान खाली घालून त्याच्या अनवाणी पायांकडे पाहत होते. लेथपासून खिडकीपर्यंत लोखंडाचा कीस सांडला होता.

"थांबा सामी," ते तमिळमध्ये म्हणाले. बाहेर आले, झाडू घेतला आणि थेट लेथपर्यंतची वाट झाडून काढली. मग परत येऊन त्याच्यापुढे हात जोडले. "ते गेज मीच चुकीचं दिलं होतं, सामी."

दुपारी दोघांचे डबे शेजारी शेजारी उघडले.

माळ उतरली की पुन्हा अबोला, अशी मला धास्ती होती. पण बूट घालून आलेला दोस्तही सामीच राहिला, आणि रोज सकाळी ती वाट झाडणंही चालूच राहिलं.

पुढे ते निवृत्त होऊन तंजावरला गेले. खिडकीत दुसरा माणूस बसला. झाडू मात्र आता दोस्ताच्या हातात आला.

"आता तर सगळेच बूट घालतात," मी त्याला म्हटलं.

"सामी कधी अनवाणी येतील, सांगता येतं का?" तो म्हणाला आणि कोपऱ्यातला कीस वाकून वेचू लागला.